कॅमेऱ्याची गुंडी आणि तेलाचा थेंब

यंत्र प्रथम घडविणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. तेच यंत्र पुढे पन्नास-शंभर वर्षे चालते ठेवणाऱ्यांचे राहत नाही. लायका कॅमेऱ्याची कथा या दोन्ही बाजूंनी पाहण्याजोगी आहे.

त्याचा निर्माता ऑस्कर बार्नाक हा शिकाऊ उमेदवारीतून वर आलेला जर्मन मेकॅनिक. १९०२ ते १९१० या काळात तो येना येथील झाइसच्या कारखान्यात होता. तेथे एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली आठ तासांचा दिवस सुरू केला होता आणि नऊ तासांच्या मानाने आठ तासांत काम घटत नाही, उलट थोडे वाढते, हे आकड्यांनी दाखवून दिले होते. १९११ साली बार्नाक वेट्झलारला लाइट्झच्या कारखान्यात गेला. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यात बसविली. १९२५ च्या लाइप्झिगच्या वसंत जत्रेत तो कॅमेरा लोकांपुढे आला.

त्याची खरी करामत वरच्या गुंडीत आहे. गुंडी फिरविली, की दातेरी चाक फिल्मच्या कडेची आठ भोके पुढे सरकविते आणि त्याच वेळी शटरच्या कापडी पडद्यांची कमान ताणली जाते. फिल्म सरकल्यावाचून शटर ताणले जात नाही. म्हणून एका चित्रावर चुकून दुसरे चित्र उमटत नाही.

पण जुने वंगण वर्षानुवर्षे सुकते, चिकट होते. मग गुंडी जड फिरते. १९३३ च्या नमुन्यापासून आलेले मंद वेग तर अर्ध्यावरच अडखळतात. अशा वेळी जोर लावणे म्हणजे दाते मोडणे होय. जाणता कारागीर प्रथम दात्यांत फिल्मचा तुकडा अडकला आहे काय, ते पाहतो. नंतर भाग सुटे करून जुने वंगण धुऊन काढतो. भार सोसणाऱ्या दात्यांना ग्रीसचा पातळ हात, बारीक आसांना सुईच्या टोकावर मावेल एवढेच तेल, आणि पडद्याच्या कापडाला मुळीच नाही. बाहेरून तेल सोडणारा मनुष्य दुरुस्ती करीत नाही. ते तेल पसरून पडद्यावर व भिंगावर जाते, वर धूळ धरते.

गिरणीत तेलपाणी केलेल्याला यात नवे काही वाटणार नाही. किती तेल घालावे याहून कोठे घालू नये, हे ज्ञान मोठे आहे; ते घाईत येत नाही आणि थकलेल्या हाताला जमत नाही. आबे यांच्या आकड्यांचा अर्थही दुसरा नव्हता.

म्हणून मागणी साधी आहे. आपल्या तंत्रशाळांत यंत्र बनविण्याबरोबर ते उघडून, धुऊन, पुन्हा जुळविणेही शिकवावे. आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्यासाठी घालविलेल्या वेळाचे पुरते दाम त्याला मिळावे.