अंगणातील झाड कोणाचे? महाराष्ट्रातील वृक्षतोडीच्या परवानगीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शहरातील घरमालकास आपल्या आवारातील झाड काढावयाचे असते, तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडतो तो हक्काचा. जमीन त्याची, झाड त्याच्या वडिलांनी लावलेले, मुळे त्याच्याच घराच्या पायात शिरलेली. मग परवानगी कोणाची व कशासाठी? या प्रश्नाकडे बहुधा प्रशासकीय कटकट म्हणून पाहिले जाते आणि उत्तर न शोधताच रविवारी सकाळी कुऱ्हाडवाल्याला बोलावले जाते. वस्तुतः या परवानगीला दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, आपल्याकडे झाडावरील हक्क आणि जमिनीवरील हक्क हे फार पूर्वीपासून दोन वेगळे हक्क मानले गेले. मात्र परवानगीची दिशा मधल्या काळात उलटली. एके काळी राज्याने झाडाच्या धन्याची संमती घ्यावी अशी अपेक्षा होती. आज धन्याने शासनाची संमती घ्यावयाची असते.

प्राचीन दंडविधान

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दंडपारुष्य प्रकरणामध्ये झाड तोडण्याचा विचार येतो. उपजीविकेस उपयोगी पडणाऱ्या झाडाची फांदी तोडल्यास वीस पण, खोड तोडल्यास त्याच्या दुप्पट आणि समूळ तोडल्यास आणखी दुप्पट, असा चढता दंड तेथे सांगितला आहे. झाड चैत्याजवळ, स्मशानात, शिवेवर, पुण्यस्थानी किंवा देवालयापाशी असेल, अथवा ते ‘विश्रुत’ म्हणजे प्रसिद्ध असेल, तर दंड पुन्हा द्विगुणित होतो. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली. त्यामुळे दख्खनच्या न्यायव्यवहाराशी हा ग्रंथ जवळून निगडित आहे. फांदी, खोड आणि संपूर्ण झाड असा भेद करणारी ही दृष्टी आजच्या कायद्यातही आहे, हे पुढे दिसेल.

मध्ययुगीन इनामपत्रांतील ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ ही नामावली अभ्यासकांच्या परिचयाची आहे. जमीन दिली म्हणजे तरू आपोआप दिले असे लेखक गृहीत धरत नाही, तो त्यांचा स्वतंत्र उल्लेख करतो. हक्क वेगळा होता म्हणूनच तो वेगळा लिहावा लागला.

आरमार आणि झाडाचा धनी

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यातील आरमारविषयक प्रकरणात गलबतांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. राज्यातील अरण्यांत जो साग असेल तो हुजूर परवानगीने तोडून आणावा, अधिक लागेल तो परमुलखातून खरेदी करावा, असे सांगून अमात्य आंबा-फणसाकडे वळतात. ही लाकडेही आरमाराच्या कामाची आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही त्यांना हात लावू देऊ नये असा त्यांचा स्पष्ट निर्देश आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याची समजूत घालून, त्याला मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. बळजोरी मुळीच करू नये.

हा मजकूर अलीकडे शिवछत्रपतींचे पत्र म्हणून सर्रास फिरविला जातो. तो अमात्यांच्या ग्रंथातील आहे. शिवकालीन धोरणाचे प्रतिबिंब त्यात मानण्यास हरकत नाही. परंतु उपदेशपर ग्रंथातील वाक्य म्हणजे प्रत्येक किनाऱ्यावर घडलेला व्यवहार नव्हे, एवढे भान राखावे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, येथे झाडाचा धनी स्वतंत्रपणे ओळखला आहे, झाडाच्या जीर्णत्वाची अट घातली आहे आणि मोबदल्याची तरतूद केली आहे. संमती मागणारे राज्य आहे, देणारी रयत आहे.

हीच गरज, म्हणजे जहाजांचे लाकूड, शतकभरानंतर ईस्ट इंडिया कंपनीसमोर उभी राहिली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल कारागीर सागाची जहाजे बांधीत होते. १८१७ मध्ये तेथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगती आहे. या गोदीला मलबारचा साग हवा होता. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी सागावर कंपनीचा राजहक्क जाहीर करण्यात आला. खासगी जमिनीतील सागही त्यातून सुटला नाही. झाडांचे धनी आणि लाकडाचे व्यापारी यांच्यात इतका असंतोष माजला की, १८२३ मध्ये हे पदच रद्द करावे लागले. गरज एकच, साग एकच. परंतु एका ठिकाणी धन्याला मोबदला, तर दुसऱ्या ठिकाणी धनीपणच नाकारलेले. आजच्या परवानगीच्या इतिहासातील खरे वळण हे आहे, असे मला वाटते.

पद रद्द झाले, कल्पना मात्र टिकली. १८४७ मध्ये दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले. राबासाठी टहाळ तोडणाऱ्या ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचा रोष एवढा वाढला की, सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने मोजणी झालेल्या गावांतील झाडांवरील सरकारी हक्क कब्जेदाराला दिल्याचे मानले खरे; परंतु राखून ठेवलेली झाडे त्यातून वगळली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही धारकाचा झाडांवरील हक्क मान्य आहे. झाड तुमचे, पण काही मर्यादेत, ही भूमिका अशी स्थिर झाली.

स्वातंत्र्योत्तर कायदे आणि घरमालक

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याला अनुसूची जोडलेली आहे. साग, चंदन, खैर, ऐन, किंजळ यांबरोबरच आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा अशी परसातली व बांधावरची झाडेही तीत आहेत. अमात्यांनी ज्या आंबा-फणसाला रयतेसाठी राखले, त्यांच्यासाठी आता रयतेनेच अर्ज करावयाचा, हा बदल नोंद घेण्याजोगा आहे. झाड तोडल्यावर लाकूड हलविण्याचा प्रश्न वेगळा असतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वाहतूक परवान्याची आवश्यकता उद्भवू शकते.

महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ महत्त्वाचा. त्यात जातींची निवडक यादी नाही. वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी ही यंत्रणा, झाडांची ठरावीक काळाने गणना आणि तोडीसाठी पूर्वपरवानगी ही त्याची मुख्य अंगे. ‘तोडणे’ या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हेही येते. बुंध्यात आम्ल ओतणारे किंवा साल सोलून झाड वाळू देणारे गृहस्थ आपण तोड केलीच नाही असे सांगतात, तेव्हा त्यांनी ही व्याख्या वाचलेली नसते. अर्जानंतर स्थळपाहणी होते, जाहीर नोटीस निघते, ती झाडावरही लावली जाते आणि नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. मृत, रोगट किंवा जीवित व मालमत्तेस धोकादायक झाडांचा विचार कायद्याने स्वतंत्रपणे केला आहे. तोडलेल्या झाडाऐवजी दुसरे लावण्याचे बंधनही आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडास हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि भरपाईची लागवड तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडली. याज्ञवल्क्याचा ‘विश्रुत’ वृक्ष कीर्तीने ठरत होता, आजचा वयाने ठरतो.

शेजारच्या झाडाच्या फांद्या आपल्या गच्चीवर येतात, हा नित्याचा वाद. इंग्लंडमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात, आपल्या हद्दीत आलेली फांदी शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता छाटता येते, असा निर्णय दिला. हे तत्त्व भारतीय न्यायालयांनाही परिचित आहे. परंतु तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील हक्क होय. १९७५ च्या कायद्याखालील परवानगीची गरज त्यामुळे संपत नाही, कारण तेथे हितसंबंध तिसऱ्याचा, म्हणजे नगराचा असतो.

धोक्याचा प्रश्न मात्र केवळ तात्त्विक नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. त्या झाडाविषयी रहिवाशांनी आधीच महापालिकेकडे अर्ज केला होता, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. परवानगीची दिशा उलटली तेव्हा निर्णयाचा अधिकार घरमालकाकडून गेला. झाड पडल्यावर दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र मध्येच लोंबकळत राहिला. राजकोट महानगरपालिकेच्या १९९७ मधील खटल्यात रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पालिकेस जबाबदार धरले नाही. झाडाची अवस्था पालिकेला ठाऊक होती किंवा ठाऊक असावयास हवी होती, हे सिद्ध झाले नव्हते. या युक्तिवादाची दुसरी बाजू घरमालकाने समजून घ्यावी. धोक्याची जाणीव कोणाला, केव्हा होती, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. म्हणून झुकलेल्या खोडाबद्दल उद्यान विभागात तोंडी सांगून परतू नये. अर्ज लेखी द्यावा, झाडाची व तडे गेलेल्या भिंतीची दिनांकित छायाचित्रे जोडावीत, स्थळप्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि परवानगी नाकारली गेल्यास नकारही लेखी मागावा.