घरचा धडा आणि ग्रंथाची भाषा : मराठी मुलखातील ख्रिस्ती कुटुंबे व गृहशिक्षण

ख्रिस्ती कुटुंबाने मुलांना घरीच शिकविणे म्हटले की आज प्रथम अमेरिकेचे उदाहरण पुढे येते. तेथे १९८० नंतर अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबांनी सरकारी शाळांतील धर्मनिरपेक्ष वातावरणापासून मुलांना दूर ठेवण्यासाठी घरी शाळा मांडली, आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत या प्रथेला कायदेशीर मान्यता मिळाली. या गृहशिक्षणाची दिशा जगाकडून घराकडे अशी आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलखात ती उलट दिसते. ज्या जगाची दारे बंद होती तेथवर मुलींना आणि प्रसंगी पत्नीला पोहोचता यावे, म्हणून येथील काही ख्रिस्ती घरांनी अध्यापन स्वतःकडे घेतले. हे अध्यापन कोणत्या भाषेत झाले, यावर त्या स्त्रियांचे लेखन पुढे कोणत्या साहित्यात जमा धरले जाईल हेही बऱ्याच अंशी ठरून गेले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

सोराबजी कुटुंबाचा दाखला या संदर्भात सर्वाधिक बोलका आहे. रेव्हरंड सोराबजी खर्सेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. त्यांच्या पत्नी फ्रान्सिना यांना बालपणी सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्याने दत्तक घेतले होते. मुलगी कॉर्नेलिया हिचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. तिचे शिक्षण काही मिशनच्या शाळांत, तर काही घरी आईवडिलांच्या देखरेखीखाली झाले. घराची मांडणी, शिस्त, मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि आईवडिलांशी बोलण्याची भाषा हे सारे इंग्रजी होते. भोवतालच्या लोकांच्या भाषा मुलांना येत, पारशी वंशाचा अभिमानही त्यांच्यात रुजविला जाई. परंतु विचार करण्याची आणि मन मोकळे करण्याची भाषा इंग्रजीच राहिली.

घराला हे वळण का लागले, हे धर्मांतरितांच्या सामाजिक स्थितीवरून उलगडते. धर्मांतराने मूळ समाजाशी असलेले नाते तुटते, आणि इंग्रजांच्या समाजातही पूर्ण प्रवेश मिळत नाही. अशा कुटुंबाला आपला समाज घरातच उभारावा लागतो. फ्रान्सिना यांनी १८७६ मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले, त्यात निरनिराळ्या धर्मांची मुले एकत्र शिकत. सोराबजींच्या बाबतीत घर आणि शाळा यांत फारसे अंतर नव्हते. घरी पारखून घेतलेली रीत शाळेत गेली, असे म्हणता येईल.

या तयारीची कसोटी विद्यापीठाच्या दाराशी लागली. कॉर्नेलियाच्या थोरल्या बहिणींना मुंबई विद्यापीठाने स्त्रिया म्हणून प्रवेश नाकारला होता. वडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर ठरली. पुढे १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली व १८९२ मध्ये बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री झाली. ती पदवी प्रत्यक्ष हाती येण्यास १९२२ साल उजाडले, कारण ऑक्सफर्डने १९२० पर्यंत स्त्रियांना पदव्याच दिल्या नाहीत. घरच्या शिक्षणाने पात्रता दिली, तरी ती मान्य करणे संस्थांच्या हाती होते. बहीण ॲलिस डॉक्टर झाली, तर सूझी हिने पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा स्थापन केली.

दुसरे घर टिळकांचे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे, कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात झाला. नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह १८८० च्या सुमारास, म्हणजे अगदी कोवळ्या वयात झाला. त्यांची अक्षरओळख पतीकडून, संसार सांभाळता सांभाळता झाली. येथे बालवधू हीच विद्यार्थिनी होती. गुरू लहरी, शिकवणीत सातत्य नाही, रागलोभ मात्र भरपूर, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकास ठाऊक आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. हा धडा ख्रिस्ती होण्यापूर्वी सुरू झाला आणि त्यानंतरही चालू राहिला, त्यामुळे त्याची भाषा मध्येच बदलली नाही. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात व कीर्तनात आणली. त्यांच्या घराची भाषा नाशिक-नगरकडच्या बोलण्यातली मराठीच राहिली.

आत्मचरित्रांच्या इतिहासातील एक योगायोग येथे लक्षणीय ठरतो. कॉर्नेलिया सोराबजी यांचे ‘इंडिया कॉलिंग’ १९३४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भागही १९३४ चाच. दोन्ही लेखिका नाशिक परिसरात, अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या, दोघी ख्रिस्ती, दोघींच्या जडणघडणीत घरच्या गुरूचा वाटा मोठा. तरीही हे ग्रंथ क्वचितच शेजारी ठेवले जातात. दिल्लीत कोपर्निकस मार्ग मंडी हाऊसच्या चौकात जेथे मिळतो, तेथील रवींद्र भवनात साहित्य अकादमी आहे; त्याच मार्गावर पुढे जुने महाराष्ट्र सदन लागते. अकादमी ज्या २४ भाषांना मान्यता देते, त्यांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत. परंतु भाषावार मांडणी केली की नाशिकच्या या दोन मुली दोन वेगळ्या इतिहासांत जातात. मराठी वाङ्मयेतिहास कॉर्नेलियाबाईंची दखल घेत नाही. लक्ष्मीबाई इंग्रजीत पोहोचल्या त्या अनुवादांतून. त्यांतला शांता गोखले यांचा अनुवाद २०१७ मध्ये आला. प्रदेश, धर्म आणि शिक्षणाची रीत यांच्या आधारे वाचन केल्यास या दोघींचा एकच इतिहास लिहिता येतो. तौलनिक अभ्यासाने हे काम हाती घ्यावयास हवे.

गृहशिक्षणात अधिकार कोणाचा, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सर्वांत तीव्रतेने पुढे येतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्यासाठी रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात संसार मांडला. आईने रमाबाईंना वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकविले. हे घर सनातनी हिंदू होते. म्हणून स्त्रीला घरी शिकविण्याची प्रथा मिशनऱ्यांनीच आणली, असे सरसकट म्हणता येत नाही. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावर रमाबाई आणि वाँटेजच्या भगिनी यांच्यात मतभेद झाले. चर्चच्या मते मूल चर्चच्या शिकवणीत वाढले पाहिजे, तर रमाबाईंच्या मते आपल्या विवेकाला न पटलेले मत मुलीवर लादू देणे आईला शक्य नव्हते. ए. बी. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या पत्रव्यवहारातून हा संघर्ष तपशिलाने दिसतो. सोराबजी व टिळक यांच्या घरांत शिकविण्याचा अधिकार पित्याने किंवा पतीने वापरला आणि तो कोणी आव्हानिला नाही. एकट्या आईने तो वापरू पाहिला, तेव्हा मात्र तिला त्याचे समर्थन करावे लागले.

आजच्या भारतात हा प्रश्न धर्मसंस्थेऐवजी राज्यसंस्थेसमोर उभा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क अधिनियमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. घरी शिकविण्याविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. शाळेबाहेर शिकणाऱ्यास माध्यमिक परीक्षा देता येते, ती नोएडास्थित राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत. शाळा नाकारली गेलेल्या कोट्यवधी मुलांचा विचार करता या कायद्यामागील प्रेरणा योग्यच म्हणावी लागेल. तथापि, वरील तीन घरांचा इतिहास एक सावधगिरी सुचवितो. ज्या काळी शाळा व विद्यापीठे मुलींना दाराबाहेर ठेवत होती, त्या काळी घराने त्यांना शिकविले; आणि त्याच घरांत काय शिकायचे हे बहुधा मुलींना विचारले गेले नाही. लक्ष्मीबाईंनी उतारवयात लिहिताना आपल्या गुरूचे गुण आणि विक्षिप्तपणा दोन्ही खेळकरपणे, काहीही न लपविता मांडले. घरी शिकलेल्या विद्यार्थिनीने आपल्या शिक्षकाची घेतलेली अशी परीक्षा मराठीत दुर्मीळ आहे, आणि गृहशिक्षणाचा इतिहास लिहिताना ती मूळ साधन म्हणून वाचली जाणे आवश्यक आहे.