डॅनियल मेंडोझा : वजन कमी पडले तेव्हा

आजचा थ्रेड मुष्टियुद्धाच्या इतिहासातला. वजनगट अस्तित्वातच नव्हते, तेव्हा कमी वजनाच्या माणसाने भारदस्त प्रतिस्पर्ध्यापुढे उभे राहायचे तरी कसे? अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर शोधले, आणि त्या उत्तराची मर्यादाही त्यालाच भोगावी लागली.

आधी नियम पाहू. जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये लिहिलेल्या नियमांनुसार पडलेल्याला मारणे आणि कमरेखाली पकडणे निषिद्ध होते. लढती उघड्या मुठींनी होत. फेरीला ठरावीक वेळ नसे. एक जण खाली गेला की फेरी संपे, आणि अर्ध्या मिनिटात तो परत उभा राहिला नाही तर लढत संपे. कमरेच्या वर धरून आपटण्यास मुभा होती. वजनाचा मात्र कुठेही उल्लेख नाही. साहजिकच पाय रोवून ठोसे द्यावेत आणि सोसावेत, हीच मर्दानी रीत मानली गेली. ही रीत धिप्पाड माणसाच्या सोयीची होती, हे वेगळे सांगायला नको.

मेंडोझा पूर्व लंडनमधल्या सेफार्डी ज्यू कुटुंबातला. उंची ५ फूट ७ इंच, वजन सुमारे ७३ किलो. छाती भरदार, दम मोठा, पण ठोशामागे वजन नाही. त्याने आपली शैली या हिशेबावरच उभारली. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द आर्ट ऑफ बॉक्सिंग’ या पुस्तकात पहिला मान ठोशाला नाही, शरीराच्या तोलाला आहे. गुडघे किंचित वाकलेले, डावा पाय पुढे, मुठी हनुवटीसमोर. हूल द्यायची, ठोसा हातावर अडवायचा, बाजूला सरायचे आणि प्रतिस्पर्ध्याचा तोल गेला की झटपट मारायचे. समोरचा माणूस जितका जड, तितका त्याचा चुकलेला ठोसा त्यालाच महाग पडणार.

अनेकांना हा भ्याडपणा वाटला. रिचर्ड हम्फ्रीजबरोबरच्या त्याच्या वैरात तर दोघांनी वर्तमानपत्रांतून एकमेकांना जाहीर पत्रे लिहिली. जानेवारी १७८८ मध्ये ऑडिहॅम येथे ओल्या मंचावर मेंडोझाचा पाय दुखावला आणि तो हरला. पायांच्या चपळाईवर जगणाऱ्याला निसरड्या फळ्यांहून मोठा शत्रू कोणता? पुढच्या वर्षी स्टिल्टनला, ठोसा न लागता जो पडेल तो हरला, अशी अट आधीच ठरली होती. त्या अटीत सापडला तो हम्फ्रीज! १७९० मध्ये डॉनकास्टरलाही मेंडोझाच जिंकला. १७९२ मध्ये बिल वॉरला हरवून तो इंग्लंडचा विजेता ठरला.

या विजयांचे मोल रिंगणाबाहेर अधिक होते, असे मला वाटते. ज्यूंना नागरिकत्वाची वाट खुली करणारा १७५३ चा कायदा लोकक्षोभापुढे झुकून संसदेने त्याच वर्षी मागे घेतला होता. रस्त्यावर ज्यूंची टवाळी आणि मारहाण ही नित्याची गोष्ट होती. मेंडोझा शिकवू लागल्यावर ज्यू तरुणांनी ही विद्या आत्मसात केली आणि त्यांची छेड काढणे पूर्वीसारखे बिनधोक राहिले नाही, अशी नोंद लंडनचा सुधारणावादी शिंपी फ्रान्सिस प्लेस याने केली आहे. पुढच्या पिढीतला ‘डच सॅम’ तर मेंडोझाहूनही पुष्कळ हलका होता. त्याने गुरूची नक्कल केली नाही; खालून वर येणाऱ्या ठोशासाठी, म्हणजे अपरकटसाठी, तो प्रसिद्ध झाला.

आता १५ एप्रिल १७९५, हॉर्नचर्च. समोर जॉन जॅक्सन : पाच वर्षांनी तरुण, चार इंच उंच, वजनाने खूपच भारी. पाचव्या फेरीत त्याने एका हाताने मेंडोझाचे लांब केस धरले आणि दुसऱ्या हाताने ठोसे लगावले. तक्रार झाली, पण ब्रॉटनच्या नियमांत केसांबद्दल अक्षर नव्हते. अवघ्या साडेदहा मिनिटांत सारे आटोपले.

‘केसांमुळे हरला’ ही कथा लोकप्रिय आहे. मला ती अपुरी वाटते. मेंडोझाची सारी शैली अंतर राखण्यावर उभी होती. जॅक्सनने ते अंतरच हिरावून घेतले, आणि एकदा पकडीत सापडल्यावर ७३ किलोंना ७३ किलोंचेच काम करावे लागले.

जॅक्सन यानंतर फारसा लढलाच नाही. त्याने लंडनच्या बाँड स्ट्रीटवर उमरावांसाठी मुष्टियुद्धाचे वर्ग चालवले. कवी लॉर्ड बायरन तिथलाच विद्यार्थी.