कल्याण बंदर आणि तगरचें कापड

कल्याण शहराच्या प्राचीन वैभवाविषयीं जें जें लिहिलें जातें त्यांत एक वाक्य हटकून येतें. तें असें कीं, पेरिप्लस नांवाच्या ग्रीक ग्रंथाच्या साक्षीनें कल्याण हें कापडाच्या निर्गतीचें मोठें बंदर होतें. आम्हींहि या शहरांत मास्तरकी करीत असतां तीन तपें मुलांस हेंच सांगत आलों. निवृत्तीनंतर त्या ग्रंथाचीं निरनिराळीं भाषांतरें शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यास सवड मिळाली, तेव्हां ध्यानांत आलें कीं, पेरिप्लसकारानें कल्याणच्या नांवापुढें कापडाचा एक शब्दहि लिहिलेला नाहीं. त्यानें जें लिहिलें आहे तें निराळेंच आहे. आणि आमच्या मतें तें कापडाच्या यादीहून अधिक मोलाचें आहे.

हा ग्रंथ इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तकडील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिला असें आज बहुतेक विद्वान् मानतात. कर्त्याचें नांव ठाऊक नाहीं. ग्रंथाची मूळ म्हणावी अशी एकच जुनी प्रत आहे. ती दहाव्या शतकांतली असून हायडेलबर्ग येथें आहे. ज्यांनीं पोथ्या हाताळल्या आहेत त्यांस एकट्या प्रतीवर विसंबण्यांतला धोका सांगावयास नको. लेखकूस परदेशीं नांवें कळलीं नाहींत म्हणजे तो अक्षरें इकडचीं तिकडे करितो. भरूच ज्याच्या राज्यांत होतें त्या राजाचें नांव या प्रतींत ‘मन्बनोस’ असें पडलें आहे. तें ‘नंबनोस’ असें सुधारून वाचावें व तो क्षहरात क्षत्रप नहपान समजावा, ही सूचना गेल्या शतकाच्या आधींच निघाली व पुष्कळांस मान्य झाली. आम्हांसहि ती मान्य आहे. परंतु ती प्रतींतला पाठ नसून दुरुस्ती आहे, हें विसरतां कामा नये.

आतां कल्याणचा उल्लेख पाहूं. ग्रंथाच्या ५२ व्या कलमांत भरूचच्या पुढील स्थानिक बंदरें क्रमानें दिलीं आहेत: अकबरू, सुप्पर म्हणजे सोपारें, आणि कल्लिएन म्हणजे आपलें कल्याण. थोरल्या सरगनसाच्या काळीं कल्याण हें रीतसर, कायद्यानें चालणारें व्यापारी बंदर होतें. पुढें तें सन्दनेसाच्या हातीं गेलें, तेव्हांपासून तेथील व्यापारास अडथळा झाला. आतां एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत भरूचला नेलें जातें. कलमाचा मजकूर एवढाच. म्हणजे कल्याणची वखार भरलेली आहे असें ग्रंथकार सांगत नसून तिला कुलूप लागलें आहे असें सांगतो.

मग कापड कोठें आहे? तें त्याच्या आधींच्या ५१ व्या कलमांत आहे. भरूचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखा रंगीत दगड विपुल येतो. तगरहून साधें कापड पुष्कळ, सर्व प्रकारची मलमल, आणि ‘मोलोखिन’ नांवाचें वस्त्र येतें. हें शेवटचें रंगावरून ओळखलें जाई कीं तंतूवरून, यावर एकमत नाहीं. हा सर्व माल गाड्यांवर घालून, जेथें धड रस्ते नाहींत अशा मुलखांतून, भरूचला नेला जातो.

तगर कोणतें याचा वाद आमच्या आधींच्या पिढीनें पुष्कळ घातला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर म्हटलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूर सुचविलें. शेवटीं फ्लीट साहेबांनीं १९०१ सालीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच तगर असें ठरविलें, व तो निकाल टिकला आहे.

येथें नकाशा उघडून पाहावा. पैठणपासून कल्याण सरळ रेषेनें सुमारें १५० मैल, आणि भरूच सुमारें २१५ मैल. तेरचें कापड पैठणास आल्यावर जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याणच्या खाडींत जावयाचें, तें दीडपट वाट तुडवून नर्मदेच्या मुखाशीं कां गेलें? कोणी म्हणतात, घाट अवघड म्हणून. नाणेघाट ही पायऱ्यांची वाट आहे, तींतून गाडी उतरत नाहीं, हें खरें. जो तो घाट चढला आहे त्याच्या गुडघ्यांस तें ठाऊक आहे. परंतु या म्हणण्यास दोन अडचणी आहेत. एक, कापडाचे गठ्ठे बैलाच्या पाठीवर सुखानें जातात. गाडी लागते ती दगडास. दुसरी अधिक मोठी. घाट थोरल्या सरगनसाच्या काळींहि तेवढाच उभा होता, आणि तरीहि त्या काळीं कल्याण रीतसर बंदर होतें. बदलला तो घाट नव्हे, बदलला तो बंदराचा धनी.

हा सन्दनेस कोण? कोणी सुंदर सातकर्णि म्हणतात, कोणी त्याच्या नांवांत ‘चंदन’ हा शब्द पाहून त्यास कुषाणांकडे नेतात. सरगनस हा कोणी सातकर्णि असावा, एवढें मात्र सर्वमान्य आहे. आम्हांस सन्दनेसाच्या नांवाचा निकाल लावण्याची गरज वाटत नाहीं. त्याच्या बंदरांत लागलेलीं जहाजें भरूचकडे रवाना होत, ही त्याची करणीच त्याचा पक्ष सांगते. तो भरूचवाल्याचा मांडलिक असो कीं मित्र, कल्याणचा लाभ भरूचच्या पदरांत पडत होता.

भरूचच्या पक्षाची दुसरी बाजू नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहे. नहपानाचा जांवई उषवदात याच्या दहाव्या लेण्यांतील लेखाकडे आमच्या वाचकांनीं आजवर दानधर्माच्या दृष्टीनें पाहिलें असेल. तो एकवार व्यापाराच्या दृष्टीनें वाचावा. त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या चार ठिकाणीं धर्मशाळा बांधल्या. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट उताराच्या होड्या ठेविल्या. या नांवांपैकीं पार, दमणगंगा, तापी व डहाणूची नदी आजहि ओळखूं येतात. तीं सर्व भरूच-सोपारें या किनाऱ्याच्या वाटेवरचीं आहेत. त्यांत उल्हास नदी नाहीं. धर्मशाळांत कल्याण नाहीं. अनुल्लेख हा कांहीं पुरावा नव्हे, असें आम्हीं विद्यार्थ्यांस नेहमीं बजावीत असूं, म्हणून येथेंहि त्यावर फार भार देत नाहीं. पण पेरिप्लसच्या शेजारीं ठेविला असतां हा अनुल्लेख बोलका होतो.

त्याच लेण्यांत ४२ व्या वर्षाचा लेख आहे, आणि तो तर निव्वळ कापडाचाच आहे. उषवदातानें गोवर्धन येथील कोलिकांच्या दोन निकायांपाशीं तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. कोलिक म्हणजे संस्कृतांतला कौलिक, विणकर. पंचतंत्रांत विष्णूचें सोंग घेणारा जो कौलिक तोच हा. कोळी म्हणजे धीवर याच्याशीं त्याचा घोटाळा करूं नये. एका निकायापाशीं दोन हजार, व्याज दरमहा दर शेंकडा एक. दुसऱ्यापाशीं एक हजार, व्याज पाऊण. दोन हजारांच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. हिशेब करून पाहिला: दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षास दोनशें चाळीस, वीस भिक्षूंस बारा बारा म्हणजे तेवढेच. एक कार्षापणहि इकडचा तिकडे नाहीं. लेखांत ‘पाऊण’ यास ‘पायून’ आणि ‘दोन’ यास ‘बे’ हे शब्द आहेत. ज्यांनीं आयुष्यभर पोरांकडून बे एके बे घोकून घेतलें त्यांस एकोणीस शतकांपूर्वींच्या दगडावर तो ‘बे’ भेटला कीं काय वाटतें तें त्यांनाच ठाऊक. ही ठेव निगमसभेंत वाचून दाखविली व फलकांवर नोंदली असेंहि लेख सांगतो. तें फलकांचें दप्तर हातीं आलें असतें तर!

विणकरांच्या संघांस एवढी रक्कम बिनमुदत ठेवतां येते आणि ते तिचें व्याज भरूं शकतात, याचा अर्थ त्यांच्या मागांस बारमाही गिऱ्हाईक होतें. तें भिक्षूंच्या चीवरांपुरतें असणें शक्य नाहीं. गोवर्धनचे माग, सोपाऱ्याचें बंदर, नद्यांवरचे उतार आणि भरूचची पेठ हीं एका धन्याच्या छायेखालीं होतीं. ४६ व्या वर्षीं नहपानाचा अमात्य अयम जुन्नरच्या लेण्यांत दान करतांना दिसतो. म्हणजे कल्याणच्या घाटाचा माथाहि त्यांचाच झाला होता. हीं वर्षें शककालाचीं धरिलीं तर शेवटचें इ. स. १२४ येतें, व पेरिप्लसशीं मेळ बसत नाहीं. तीं नहपानाच्या राज्याचींच वर्षें मानावीं या मताकडे आमचा कल आहे.

कुलूप कायमचें नव्हतें. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचा जो सांठा मिळाला, त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. आणि दुसऱ्या शतकाच्या वळणाच्या अक्षरांत कण्हेरीच्या भिंतींवर कल्याणचे लोक ठायीं ठायीं दिसूं लागतात: व्यापारी आहेत, लोहार आहे. जुन्नरास कल्याणचा सोनारहि आहे. बंदर मेलें असतें तर एवढे दाते कोठून आले असते?

कल्याणच्या कापडाचा पहिला स्पष्ट उल्लेख मात्र सहाव्या शतकापर्यंत लांबतो. अलेक्झांड्रियाचा व्यापारी व मागाहून संन्यासी झालेला कॉस्मस यानें सुमारें इ. स. ५५० मध्यें आपल्या ग्रंथाच्या अकराव्या भागांत सिंहलद्वीपाच्या व्यापाराचें वर्णन केलें आहे. त्या बेटास भारत, इराण व हबसाण येथून जहाजें येत. आणि कल्लियान येथून तांबें, ‘सेसमिन’ लांकूड व वस्त्रें करण्याचें कापड जाई. तिळास ओंडके नसतात, तेव्हां हें लांकूड शिसवाचें, संस्कृत शिंशपेचें, समजावें. हें कल्लियान केरळांतलें कोल्लम असें कांहींचें म्हणणें आहे. पण कॉस्मसचा क्रम सिंधु, ओर्‍होथा, कल्लियान, सिबोर व मग मलेच्या पेठा असा आहे, व त्या मलेच्या पेठांत मंगळूर आहे. सिबोर म्हणजे चौल. पेरिप्लसमध्येंहि कल्याणच्या लगेच पुढें चौलच येतें. पांचशें वर्षांच्या अंतरानें लिहिणाऱ्या दोघांनीं एकच शेजार द्यावा, याहून अधिक काय हवें? तेव्हां शेजारच्या देशास कापड पाठविणारें कल्याण दाखवावयाचें असेल तर साक्ष कॉस्मसची घ्यावी, पेरिप्लसची नव्हे. आणि गिऱ्हाईक रोम न म्हणतां सिंहल म्हणावें.

पुढें खाडीच्या पेठेंत ठाणें वरचढ झालें. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें जाड कापड व कापूस यांसाठीं नांव घेतलें तें ठाण्याचें. मधल्या काळांत कल्याणच्या मागांचें काय झालें हें पाहण्यास साधन हवें. कल्याण प्रांताच्या जकातीचे, विशेषतः नाणेघाट व माळशेज येथील चौक्यांचे, जुने कागद ज्या कोणा वाचकाच्या संग्रहीं असतील व त्यांत कापडाची कलमें असतील, त्यांनीं नक्कल पाठविण्याची कृपा करावी. पोंच देऊं, आणि नक्कल करून घेण्याचा खर्चहि आम्हींच सोसूं.