चार वेळा जोडलेली तार

आज आपण एका पदकाबद्दल बोलू. १७ ऑक्टोबर १९३८ रोजी सोव्हिएत संघाने ‘झा अत्वागू’, म्हणजे ‘शौर्याबद्दल’ हे पदक सुरू केलं. ते चांदीचं असून त्यावर तीन विमानं आणि एक रणगाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात ते चाळीस लाखांहून अधिक वेळा दिलं गेलं. प्रत्यक्ष लढाईतल्या वैयक्तिक धाडसासाठीच ते मिळत असल्यामुळे साध्या शिपायांमध्ये त्याला फार मान होता.

या चाळीस लाखांतलं एक आपण पाहू. व्हिक्टर अस्ताफ्येव, पुढे नामवंत झालेले रशियन लेखक, १९४३ साली एकोणीस वर्षांचे होते. हॉवित्झर तोफांच्या ब्रिगेडमध्ये टेलिफोनच्या तारा सांभाळणं हे त्यांचं काम. या तोफा मागे, आडोशाला असतात. त्यांना शत्रू दिसत नाही. पुढच्या निरीक्षण चौकीतला माणूस बघतो आणि तारेवरून सांगतो, तेव्हा तोफ डागली जाते. तार तुटली की तोफ आंधळी झाली म्हणून समजा. आता गंमत बघा, तार तुटते ती गोळे पडत असताना. म्हणजे बाकीचे खंदकात अंग चोरून बसतात, नेमकं तेव्हाच याला बाहेर पडावं लागतं.

पदकाची शिफारस आज आपल्याला वाचता येते. २० ऑक्टोबर १९४३च्या लढाईत अस्ताफ्येव यांनी पुढच्या चौकीची तार चार वेळा जोडली, असं त्यात नोंदलंय. जवळच बॉम्ब फुटून ते मातीखाली गाडले गेले. तरीही तारेचे तुकडे गोळा करून त्यांनी संपर्क पुन्हा सुरू केला. आणि हे सगळं त्यांनी शत्रूच्या द्वेषाने पेटून केलं, असंही कागद म्हणतो.

इथे आपण जरा थांबू. चार हा आकडा मोजता येतो. द्वेष कुणी मोजला? ॲरिस्टॉटलने तर रागाच्या भरात केलेल्या कृतीला खरं शौर्य मानलंच नाही; ती फक्त शौर्यासारखी दिसते, असं त्याचं मत. म्हणजे ज्या शब्दांनी कागद या शिपायाचा गौरव करू बघतो, त्यांनीच त्याला कमी लेखतो. मातीतून वर आलेला पोरगा तारेची टोकं शोधतो, कारण पुढे पायदळ तोफांच्या भरवशावर उभं आहे. एवढं कारण पुरेसं नाही का?

अस्ताफ्येव यांनी १९९०च्या दशकात ‘शापित आणि मृत’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात भूक आहे, उवा आहेत, शिपायांच्या जिवाबद्दल वरिष्ठांची बेपर्वाई आहे. अनेक जुने सैनिक त्यांच्यावर संतापले. पण त्या पदकावरचा त्यांचा हक्क कुणालाच नाकारता येणार नाही. कागदाने द्वेषाची भाषा वापरली. त्या भाषेखालचं युद्ध कसं होतं, हे सांगायला पन्नास वर्षांनी तोच शिपाई पुढे आला. आमच्या मते, तार जोडण्याचं काम त्यांनी इथेही सोडलं नाही.