मानमोडीची आठवण आणि आपली नातवंडे

(सिनेगॉगच्या महिला मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



थंडीच्या दिवसांत मुलांची प्रकृती कशी जपावी, या विषयावर मी बोलावे अशी मंडळाची इच्छा आहे. परिचारिका म्हणून माझे आयुष्य रुग्णांच्या उशाशी गेले, तेव्हा उपदेश करण्याचा मोह मला होणारच. तरी मी आरंभ इतिहासापासून करते. आज आपण जी काळजी सहज घेतो किंवा सहज टाळतो, तिची किंमत आपल्या आधीच्या पिढ्यांनी मोजलेली आहे.

माझ्या आजीच्या तोंडी एक शब्द वारंवार येई: ‘मानमोडी’. 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे हेच नाव पडले होते. आजी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिचे कुटुंब मुंबईत मांडवी भागातील एका चाळीत राहत असे. त्या वर्षी 10 जून रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन इस्पितळात दाखल झाले. तो ताप मलेरियाचा नव्हता. पाहता पाहता साथ शहरभर पसरली, काही आठवड्यांनी ओसरली, आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु सप्टेंबरात ती परतली, आणि पूर्वीहून कितीतरी भयंकर होऊन परतली.

त्या वर्षी नव्याचा सण 7 सप्टेंबरला आला होता. सर्व सण आटोपले आणि हेश्वानचा रोश होदेश उजाडला, तो दिवस 6 ऑक्टोबरचा. त्या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. पाऊस पुरेसा झाला नव्हता, धान्य महागले होते, चाळींत एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक आणि साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या साथीने नेली. नेहमीचा फ्लू लहानग्यांना आणि वृद्धांना गाठतो, या फ्लूने मात्र ऐन विशी-तिशीतील माणसांवर झडप घातली. आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. घरातील सर्वांची शुश्रूषा करणारीच शेवटी आजारी पडे, आणि तिच्या मुखी पाणी घालावयास कोणी उरत नसे.

आजीच्या घरीही असेच घडले. तिच्या आईने आधी तिन्ही मुलांचा ताप उतरवला, मग ती स्वतः आजारी पडली. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती पाणी भरावयास उठली. दोन दिवसांनी ताप उलटला, छाती भरली, आणि शब्बाथच्या आधी तिची प्राणज्योत मालवली. पाठचे तान्हे बाळ आईच्या दुधावाचून महिनाभरही जगले नाही. आजी हे सांगताना कधी रडली नाही. ती एवढेच म्हणे, “आई उठली नसती तर…”

पुढे परिचर्येचे शिक्षण घेताना मला त्या अपुऱ्या वाक्याचा अर्थ उमगला. 1918 साली दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने शास्त्रज्ञांनी 2008 साली पुन्हा तपासले. बहुतेकांचा अंत फ्लूनंतर जडलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाला होता, असे त्यांना आढळले. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. रोगाचे खरे कारणही ठाऊक नव्हते. माणसाच्या फ्लूचा विषाणू लंडनमधील शास्त्रज्ञांना 1933 साली सापडला, आणि लस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती 1940 च्या दशकात. याच मुंबईत 1897 साली वाल्डेमार हाफकिन या आपल्या ज्यू बांधवाने प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. 1918 साली मात्र टोचण्यासारखे परिणामकारक काही कोणाच्याच हाती नव्हते. जे वाचले, त्यांतील अनेकांना विश्रांतीने, पाण्याने, पेजेने आणि कोणाच्या तरी जागरणाने तारले.

आता या देशाकडे वळू. 1913 साली हदासा संघटनेने रोझ कॅप्लन आणि रेचेल लँडी या दोन परिचारिकांना अमेरिकेहून येरुशलायमला पाठविले. पुढे 1920 च्या दशकाच्या आरंभी बर्था लँड्समन या परिचारिकेच्या पुढाकाराने तेथे तान्ह्या मुलांसाठी निर्जंतुक केलेले दूध देणारे केंद्र उभे राहिले. गाढवाच्या पाठीवरून दुधाच्या बाटल्या घरोघरी जात. म्हणूनच त्या केंद्राचे नाव ‘तिपत हलाव’, म्हणजे दुधाचा थेंब. आपण ज्या दारात नातवंडांना लसीकरणासाठी नेतो, त्या दाराचा हा इतिहास आहे. तेथे दूध घेण्यास येणाऱ्या आईला बाळाला कसे जपावे हेही शिकविले जाई. आजीच्या तान्ह्या भावाच्या वाट्याला असे दार आले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इतिहास सांगताना स्वतःची चूक झाकून ठेवणे योग्य नव्हे. सत्तरच्या दशकात मुंबईत बालरोग कक्षात काम करताना तापाच्या मुलांना मी निःशंकपणे ॲस्पिरिन देत असे. तेव्हाची ती सर्वमान्य पद्धत होती. 1980 च्या सुमारास फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांत ॲस्पिरिन आणि रेय नावाचा यकृत व मेंदू यांचा घातक विकार यांचा संबंध उघड झाला. त्या वेळी मला कित्येक रात्री झोप आली नाही. तेव्हापासून मी मुलांसाठी ॲस्पिरिन घरात ठेवले नाही, तुम्हीही ठेवू नये. बाळाला मध चाटविण्याची आपली जुनी रीतही तशीच. एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोटुलिझमची बाधा होऊ शकते, हे 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून ज्ञात आहे. पूर्वजांचा मान राखावा, पण त्यांना जे कळले नव्हते ते आपल्याला कळल्यावर मुलांवर जुने प्रयोग करू नयेत.

कोकणात पावसाळा सुरू झाला की घरोघरी खोकला ऐकू येई. येथे तो काळ हिवाळ्याचा. लस टोचल्यापासून संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मी एक सोपी खूण सांगते: 7 हेश्वानला आपण प्रार्थनेत पावसाची याचना सुरू करतो, त्याच सुमारास लस घ्यावी. सहा महिन्यांवरील बाळापासून ती देता येते. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्याच वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ती देता येत नाही. त्याचे रक्षण गरोदरपणी आईने घेतलेली लस करते, आणि सबा-सफ्ता म्हणून आपण घेतलेलीही. लस घेऊनही साधी सर्दी होईल, कारण सर्दीचे विषाणू निराळे. फ्लूही क्वचित होईल, पण बहुधा सौम्य होईल.

मूल आजारी पडलेच, तर त्याला गानमध्ये पाठवू नये. थोडे थोडे पाणी, पेज, सूप द्यावे. तापावर पॅरासिटामॉल द्यावयाचे ते वजनाच्या हिशेबाने, आणि दिल्याची वेळ फ्रिजवर कागद लावून लिहून ठेवावी; नाहीतर आई एक मात्रा देते आणि सफ्ता दुसरी. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते डॉक्टरांकडे मागू नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देऊ नये. भाजलेली मुले मी पाहिली आहेत. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश ताप आला, श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर पडले, आठ तास लघवी झाली नाही, किंवा मूल जागे करूनही नीट जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. उतरलेला ताप पुन्हा उलटला, तर माझ्या पणजीला आठवावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हाती घेऊन आपली बोटे ओठांना लावण्याची आपली सुंदर रीत आहे. ती मला प्राणाहून प्रिय आहे. परंतु फ्लूला याहून सोपी वाट कोणती? 2020 साली कोरोनाच्या आरंभी येथील मुख्य रब्बींनीही मेझुझाचे चुंबन घेऊ नये, असे सांगितले होते. जीव वाचविणे शब्बाथहूनही मोठे, ही आपली शिकवणच आहे. ज्याला खोकला आहे त्याने त्या आठवड्यात घरी राहावे, आणि साथीच्या दिवसांत आपण हात छातीशी नेऊन शालोम म्हणावे. नटिलत यादायिम भक्तीसाठी आहे, ती अवश्य करावी. साबणाने हात धुणे मुलांसाठी आहे, तेही करावे. मलिदा वाढताना चमचा वापरावा. एलियाहू हन्नावी त्यावरून रागावणार नाहीत.

आणि घरातील जी स्त्री सर्वांची शुश्रूषा करते, ती आजारी पडली तर तिला अंथरुणावरून उठू देऊ नये. आजीचे ते वाक्य अपुरेच राहिले. आपल्या घरात कोणावर तसे वाक्य उच्चारण्याची वेळ येऊ नये, एवढीच माझी प्रार्थना.