एका घराचे दोन दिनक्रम



 ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी शाळेसाठी आयुष्य वेचले. म्हणूनच परदेशी येऊन शाळा चालविणाऱ्या एका मिशनरी दांपत्याविषयी बोलावे, असे मी ठरविले. भोपाळच्या श्रोत्यांना हा काळ अगदीच परका नाही. येथून जवळच सीहोरला 1830 च्या दशकात लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने सुबाजी बापू हे मराठी पंडित सिद्धान्तज्योतिषाच्या आधारे पुराणांतील भूगोल तपासून पाहत होते. त्याच दशकात मुंबईत जॉन आणि मार्गारेट विल्सन यांचे घर दुसऱ्या प्रकारच्या उद्योगाने गजबजलेले होते.

हे स्कॉटिश दांपत्य फेब्रुवारी 1829 मध्ये मुंबईस उतरले. जॉनचे वय 24 वर्षांचे. मार्गारेट त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. पहिले काही महिने त्यांनी कोकणात, बाणकोट-हर्णैच्या परिसरात, मराठी शिकण्यात घालविले. मोल्सवर्थचा कोश तेव्हा छापून व्हायचा होता. तो 1831 चा. हाताशी होते ते केरीचे आणि केनेडीचे तुटपुंजे कोश. त्यामुळे खरा कोश म्हणजे समोर बसलेला पंडित आणि दारावर येणारी माणसे. या अभ्यासाचे फळ पुढे मराठीलाही लाभले. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेवरील प्रास्ताविक निबंध जॉन विल्सन यांनीच लिहिला.

मुंबईत परतल्यावर एकाच घरात दोन दिनक्रम सुरू झाले. पतीचा दिनक्रम आपल्याला परिचित आहे. 1830 मध्ये ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक निघाले. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद झाला. 1832 मध्ये इंग्रजी शाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. याखेरीज धर्मप्रसारासाठी दूरदूरचे दौरे होतेच.

पत्नीचा दिनक्रम मात्र इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो. डिसेंबर 1829 पासूनच मार्गारेटने मुलींच्या शाळा उघडण्यास आरंभ केला आणि अल्पावधीत त्यांची संख्या सहावर गेली. शिकलेली मुलगी विधवा होते, अशी समजूत ज्या काळी घराघरांत होती, त्या काळी हे काम किती चिवटपणाचे असेल याची कल्पना करावी. मुलींना वर्गात आणावयाचे, आलेल्यांना टिकवावयाचे, आणि लिहू-वाचू लागलेली मुलगी आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन निघून गेली की पुन्हा पहिल्या अक्षरापासून प्रारंभ करावयाचा. त्यातच संसार होता, लहान मूल होते. मायदेशीच्या पत्राचे उत्तर येण्यास महिनेच्या महिने लागत. 1830 मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, तेव्हा या विलंबावर पहिला उपाय दिसू लागला.

या कामाचा हेतू ख्रिस्ती धर्माचा प्रसार हाच होता आणि त्यांनी तो कधी लपविला नाही. 1839 मध्ये त्यांच्या शाळेशी संबंधित पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले काढून घेतली. पालकांची भीती निराधार नव्हती, हेही इतिहासाने नोंदविलेच पाहिजे.

मार्गारेटला मात्र ते दिवस पाहावयाचे नव्हते. मार्च 1835 मध्ये जॉन विल्सन काठेवाडच्या दौऱ्यात गिरनारच्या शिलालेखासमोर उभे होते. त्या लेखाच्या वाचनास त्यांचा हातभार लागला, हे सर्वज्ञात आहे. पुढच्याच महिन्यात, 19 एप्रिलला, मुंबईत मार्गारेटचे निधन झाले. त्यांचा मुलगा अँड्र्यू लहानपणीच आईला मुकला. पुढे हिमालयाच्या प्रवासावरील ‘द अबोड ऑफ स्नो’ या ग्रंथाचा लेखक म्हणून तो प्रसिद्धीस आला. तिच्या पत्रांवरून पतीने लिहिलेले तिचे चरित्र 1838 मध्ये निघाले. ते शोकाकुल पतीने मिशनच्या वाचकांसाठी लिहिले आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे लागते.

शाळा बंद पडल्या नाहीत. मार्गारेटच्या बहिणी ॲना आणि हे बेन स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी हे काम पुढे नेले. 1846 मध्ये विल्सन यांनी इझाबेला डेनिस्टन हिच्याशी विवाह केला आणि 1867 मधील आपल्या मृत्यूपर्यंत तिने मुलींच्या शिक्षणाचा भार वाहिला. उतारवयातील या दांपत्याच्या परिवारात दूरदूरची मुलेही सामावली गेली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1864 मध्ये मुंबईस आले, तेव्हा चूमा आणि वेकोटानी या दोन आफ्रिकी मुलांना त्यांनी विल्सन यांच्याच शाळेत ठेविले. पुढे लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत हाच चूमा होता.

जॉन विल्सन 1868 मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1875 मध्ये निवर्तले. चौपाटीवरील कॉलेज त्यांच्या नावाने उभे आहे. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा मार्गारेटला आपली संस्थापिका मानते. पण शाळेच्या नावात ती नाही.

मित्रहो, येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. वर्गात मी स्वतः कित्येक वर्षे ‘विल्सन यांनी शाळा काढली’ हे एकच वाक्य सांगून पुढे गेलो. त्या वाक्यातला कर्ता अपुरा आहे, हे मला फार उशिरा उमगले. दौऱ्यावर गेलेल्या माणसाच्या मागे शाळेची घंटा कोणी तरी वाजवीत असते. आपल्या शाळेची जुनी हजेरीपुस्तके अजून कपाटात असतील. ती एकदा उघडावीत आणि मुलींची पहिली नावे कोणी, केव्हा लिहिली ते पाहावे. तेवढे जरी आपण केले, तरी आजच्या स्मरणाचे सार्थक झाले, असे मी मानीन.